आधी थोरल्यानं चाखायचं
रामनगरच्या बाजारात लाल, अर्धकच्ची करवंदं दिसली की मला फिनलंडचं ते थंड रान आठवतं. नोकरीसाठी मी तिथं राहत असताना आई माझ्याकडे आली होती. रामनगरकडच्या दिग्गी गावच्या जंगलात जन्म गेलेली बाई, आठवडाभर खिडकीशी गप्प बसून होती. रानात निळ्या बेऱ्या तोडताना पहिल्यांदा खुलली. पुढं एका झुडपाच्या फांद्यांना चिकटून लालभडक फळं होती आणि एक पाखरू ती खुशाल गिळत होतं. माझ्या लहानग्या लेकीनं ती मूठभर तोडली. आई म्हणाली, "थांब गं. पाखरू खातंय म्हंजे इख नसंल, पर आधी थोरल्यानं चाखायचं. मी सांगितल्यावर खा." तिनं चार-पाच फळं चावून गिळली. थोड्या वेळानं गळा धरून ती दगडावर बसली, ओठ सुजले, बोलणं थांबलं. ते विष पाखरांना बाधत नाही, हे मला दवाखान्यात कळलं. आई तिथून परत आली नाही. त्या दिवशी तिला आत नेल्यावर मी लेकीची मूठ उघडली, तर फळं तशीच होती, चिंबलेली. आजीनं "खा" म्हणायची ती वाट बघत होती. आता ती माझ्याएवढी झालीय. करवंदांचा द्रोण पुढं केला तरी हात लावत नाही; मी एक खाईपर्यंत माझ्या तोंडाकडे बघत राहते.