सोपानचा गुडघा

डॉक्टरांची चिठ्ठी माझ्या टेबलावर आली तो गुरुवार होता. रविवारी फायनल होती.

चिठ्ठी सोपानची. आमच्या पिंपरीच्या कारखान्यातला पाइप फिटर आणि बास्केटबॉल टीमचा हिरो. आधी देहूरोडला लष्कराच्या वर्कशॉपात असताना तो हा खेळ जवानांकडून शिकला होता. आता त्याचा गुडघा सुजला होता. डॉक्टरांनी लिहिलं होतं, ‘पंधरा दिवस लाइट ड्यूटी. शिडी चढू नये, खेळू नये.’ लाइट ड्यूटी म्हणजे बसून करायचं हलकं काम. पण त्यासाठी दवाखान्याची चिठ्ठी वेल्फेअर ऑफिसरने सही करून फोरमनकडे पाठवावी लागे. त्याशिवाय फोरमन कुणाला शिडीवरून उतरवत नसे.

वेल्फेअर ऑफिसर मी होतो. टीमचा मॅनेजरही मीच.

माझं कोचिंग एका वाक्याचं होतं. बॉल मिळाला की सोपानला द्या. बाकीचे चौघे धावायचे ते त्याच्यापर्यंत बॉल पोचवायला. मोटार सेक्शनचा मेकॅनिक कासम वर्षभर रोज सरावाला यायचा आणि मॅचच्या दिवशी बाकावर बसायचा. मी त्याला कधी उतरवलंच नाही.

त्याच दुपारी वर्क्स मॅनेजरांनी बोलावलं.

“सोपान खेळतोय ना? दोन वर्षं हरतोय आपण.”

“खेळतोय, साहेब.”

परत येऊन मी चिठ्ठी ड्रॉवरमध्ये टाकली. सही केली असती तर ती फोरमनकडे गेली असती, फोरमनकडून सगळ्यांना कळलं असतं, आणि सोपान बाद झाला असता. सोमवारी पाठवू म्हटलं. चार दिवसांनी काय बिघडतंय?

शुक्रवारी सोपान स्वतः आला. “साहेब, डाक्टरची चिठ्ठी आली का? शिडीवर लई कळ येती.”

“बघतो. रविवार तर होऊ दे. तुझ्याशिवाय टीम कशी उतरणार?”

तो “बरं, साहेब,” म्हणाला आणि गेला. शुक्रवारी आणि शनिवारी तो पूर्ण शिफ्ट शिडी चढत-उतरत होता. हे मला माहीत होतं. अजून लिहिताना लाज वाटते.

रविवारी मी त्याचा गुडघा घट्ट बांधून दिला, स्वतःच्या हातांनी. पहिल्या हाफमध्ये त्याने एकट्याने टीम ओढली. दुसऱ्या हाफला उडी मारून खाली आला तो बसलाच. चौघांनी उचलून त्याला बाकावर आणलं.

कुणाला तरी उतरवायला हवं म्हणून मी कासमला उतरवलं. बॉल कुणाला द्यायचा, हे आता कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून ज्याला मोकळी जागा मिळेल तो रिंगवर टाकायला लागला. कासमचे बॉल एकामागून एक जाळीत पडायला लागले. समोरची टीम गोंधळली. आम्ही जिंकलो.

वर्क्स मॅनेजरांनी माझी पाठ थोपटली. मी सोपानशेजारी जाऊन बसलो. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, “कासम एवढा खेळतो, मला कल्पनाच नव्हती.”

“मला ठावं व्हतं,” सोपान म्हणाला. पाय धरून बसला होता. “सरावाला रोज बघतो की. तुमी इचारलं असतं तर सांगितलं असतं.”

त्याचा गुडघा पुन्हा नीट वाकला नाही. शिडी सुटली, फिटरची ग्रेड गेली. स्टोअरमध्ये खिडकीशी बसून तो सामान द्यायला लागला. मला भेटला की नमस्कार करायचा, आणि मला तो शिवीपेक्षा जड जायचा. चिठ्ठीचं त्याला मी सांगितलं नाही. त्यानेही पुन्हा विचारलं नाही.

पुढे मी रिटायर होईपर्यंत प्रत्येक नव्या ऑफिसरला बजावत आलो, टीम एका माणसावर उभी करू नका. सगळे मान डोलवायचे. हे तुम्ही कुठे शिकलात, असं एकाने विचारलं होतं. अनुभवाने, एवढंच मी सांगितलं.