अकरा काठ आणि मागं पडलेलं पान

माझी शाळा चौथीपर्यंत. मग वडिलांनी मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसवलं, तो गुडघे गेले तेव्हाच उठलो. वडगावात आमच्या गल्लीत आता घरोघरी पॉवरलूम खडखडतात. हातमाग एकटा आमचा उरला होता, तोही बंद केला. खड्ड्यावर फळ्या टाकल्या, फळ्यांवर टेबल ठेवलं, आणि मुलीनं बेंगळूरहून आणलेला तिचा जुना लॅपटॉप त्या टेबलावर बसला. ती तिकडं कॉम्प्युटरच्याच कामात असते.

साडीचं अंग मी विणायचो. काठ बायकोचा. काठाचे रंगीत धागे मागाच्या फणीच्या दातांत भरायला तीच बसायची, आणि भरताना तोंडानं म्हणत राहायची, "सात तांबडं, दोन पांढरं, एक काळं..." असे अकरा काठ तिला येत होते. आपल्या आईकडून आणलेले. कागदावर एकही नव्हता. मी पन्नास वर्षं तिच्यापासून हातभरावर बसलो, पण काठाकडं कधी लक्ष दिलं नाही. बायकांचं काम म्हणून. आता लिहायला लाज वाटते, पण खरं ते खरं.

ती आजारी पडली तेव्हा मुलगी फोनवर म्हणाली, "आप्पा, आईचे काठ लिहून घ्या. कुणाजवळ न्हाईत ते."

मुलीनं लॅपटॉपवर इंटरनेटचं एक पान उघडून दिलं होतं. वर कोरी चौकट, खाली मराठी अक्षरांचा तक्ता. माउसनं एकेक अक्षर दाबायचं की ते वर चौकटीत उमटायचं. बायको कॉटवर पडून सांगायची, मी दाबायचो.

"सात झाले का ओ?"

"थांब गं. 'त' सापडंना."

"एवढ्यात मी अख्खा काठ भरला असता."

"मग ये की. बस हितं."

हसायची, मग खोकायची. एका दुपारी एक काठ, तोही सगळ्या दुपारी नाही. पावसाळ्यातला दीड महिना असा गेला. दहा काठ झाले. अकरावा तिच्या आईच्या लग्नातल्या साडीचा. तो ती पुढं ढकलत राहिली. म्हणायची, "तो बसून सांगीन, पडून न्हाई."

मुलगी दर खेपेला बजावायची. "आप्पा, त्या चौकटीत काही राहत न्हाई बघा. जेवढं झालंय तेवढं उचलून फाइलीत ठेवा. मी सांगते कसं ते."

मी म्हटलं, "अकरा झाले की ठेवतो."

"रोजचं रोज ठेवा की ओ."

"अर्धी साडी मागावरनं उतरवतात व्हय? तुझ्या आज्जानं कधी उतरवली न्हाई, मी न्हाई. पुरी झाली की उतरंल."

आमच्या घरातली ही रीतच. घरात मयत झाली, विणणारा तापानं पडला, तरी अर्ध्या साडीला कात्री लागत नाही. मागावर धुतलेला पंचा टाकायचा आणि वाट बघायची. माग कुठं पळून जात नाही. महिन्यानंही पंचा काढला तर धागा न धागा जागच्या जागी असतो. हे मला पाठ होतं, आणि मशीनही तसंच असणार असं मी धरून चाललो.

ती बसून काही सांगू शकली नाही. गेली.

लॅपटॉपचं झाकण मिटून मी त्याच्यावर पंचा टाकला. दिवसकार्य झाल्यावर तो काढला, झाकण उघडलं, तर दहा काठ होते तसे समोर. मला वाटलं, बघा, माझंच खरं. पण वाचवेना. अक्षरांवर नजर पडली की कानात तिचा आवाज यायचा. म्हणून त्या पानाच्या शेजारी दुसरं पान उघडलं, त्यात भजन लावलं. मग तिसरं, चौथं. कीर्तनं, बाजारभाव, पावसाच्या बातम्या, नातवाचे फोटो. बंद एकही केलं नाही. चालू माग कशाला बंद करायचा? वरच्या पट्टीत काठांचं पान डावीकडं सरकत सरकत बोटाच्या नखाएवढं झालं. तिकडं मी तीन महिने गेलो नाही.

मग एका दुपारी मशीन जड झालं. माउस हलवला की बाण मागनं यायचा, दमलेल्या म्हशीसारखा. आत डिस्कचा दिवा सारखा लुकलुकत होता. इंग्रजीत काहीतरी चौकट आली. मला ती वाचता येत नाही, आणि शेजाऱ्याला बोलवायचं मनात आलं नाही. चौकट फुलीनं घालवली आणि आणखी एक भजन लावलं. पडदा गोठला. थोड्या वेळानं आपोआप सुटला. भजन चालू झालं, सगळं हलकं झालं. मला बरं वाटलं.

त्याच आठवड्यात रविवारी मुलगी आली. पिशवी ठेवून म्हणाली, "दाखवा आईचे काठ." मी त्या नखाएवढ्या जागेवर दाबलं. पानावर एक उदास तोंडाचं चित्र होतं. तिनं पान परत आणलं. तक्ता आला, अक्षरं आली. वरची चौकट कोरी.

तिनं वरची सगळी पट्टी बघितली. मग म्हणाली, "आप्पा, किती पानं उघडी ठेवलासा ओ?"

"मी काही केलं न्हाई. मशीननं केलं."

तिनं मशीनच्या आतली नोंद काढून वाचली. मग फळ्यांवर बसून मला समजावलं, आवाज न चढवता. तो चढवला असता तर बरं झालं असतं. मेमरी म्हणजे कामाची खोली, आणि या मशीनची लहानच. खोली भरत आली की जे परत मिळण्यासारखं आहे ते मशीन आधी बाहेर टाकतं. मग जे कुणी वापरत नाही ते डिस्कवर, म्हणजे मागच्या कोठीत नेऊन ठेवतं. तिथनं ने-आण करायला वेळ लागतो, म्हणून बाण मागनं येत होता. कोठीही भरली की एकाला मारावं लागतं, न्हाईतर सगळंच अडकून बसतं. मारताना ते विचारत नाही.

"मग भजनाला मारायचं. ते तर खंडीभर मिळतंय."

"त्याला काय कळतंय आप्पा, काय मिळतंय नि काय न्हाई? कोण किती जागा अडवतंय ते बघतंय. आणि ब्राउझरनं आधीच सांगून ठेवलेलं असतंय, माझ्यातलं कुणाला घालवलं तर चालंल. जे पान समोर हाय ते शेवटी. जे लई दिवस कुणी बघितलंच न्हाई, ते आधी."

मी उठून परसात गेलो. सोन्यासारखी माणसंही अशीच जातात, असलं काही सुचलं नाही. एवढंच सुचलं की मी बघितलं असतं तर.

आत आलो तेव्हा ती ट्रंक उपसत होती. आईच्या चार साड्या निघाल्या, चार वेगळ्या काठांच्या. बाकीच्या सगळ्या बाजारात गेलेल्या, कुणाच्या अंगावर जुन्या झाल्या देव जाणे. मुलगी म्हणाली, "जास्त मेमरी बसवून देते आप्पा." मी नको म्हटलं. भजन ऐकायला एवढी पुरे.

मग भिंग घेऊन मी रोज सकाळी उजेडात बसलो. एका साडीचा काठ इतका विरला होता की तांबडा कुठला नि तपकिरी कुठला, ठरवायलाच दोन दिवस गेले. पण चारही काठ मोजले, फाइलीत लिहिले, आणि प्रत्येक ओळ झाली की सेव्ह दाबलं. मुलीनं शिकवलं तसं.

पाचवा आठवून लिहायला घेतला. सात तांबडं, दोन पांढरं, एक काळं, इथपर्यंत तिचा आवाज नीट येतो. पुढं तो खोकल्यात जातो. मुलगी फोनवर म्हणाली, "तुम्हाला वाटतंय तसं भरा की, कोण तपासणार हाय?" पण अंदाजानं फणी आम्ही भरत नाही. सात, दोन, एक एवढं लिहिलं, पुढची जागा मोकळी सोडली, आणि तेवढंच सेव्ह केलं.