झाकण मिटल्यावर आलेली रिंग

ऊठसूट भूत दिसणाऱ्यांतला मी नाही. शाळा चौथीपर्यंत, पण अक्कल कुणाकडून उसनी घेतली नाही. इंग्लंडात मिल्टन कीन्सच्या ब्रेड फॅक्टरीत जन्म काढला, घर स्वतःच्या कमाईचं. तेव्हा आधी नीट वाचा... हसायचं ते मागून हसा.

माझा मोबाईल जुना, झाकणाचा. उघडला की बोलणं सुरू, मिटला की बंद. बटणं मोठी, बाहेर नखाएवढा पडदा, त्यावर कोणाचा फोन ते नाव. चार्जिंग चार-चार दिवस पुरतं. आमच्या पोराचा, निलेशचा, महागडा फोन दुपारीच चार्जरला लटकतो.

आमच्यात मिस कॉलची रीत. रेडवेच्या, म्हणजे इथल्या लाल पायवाटेच्या, पलीकडे कौन्सिलची अलॉटमेंट आहे, भाड्याने घेतलेला जमिनीचा तुकडा, तिथं मी भाजी लावतो. निघताना दोनचं बटण दाबून धरायचं, त्यावर बायकोचा नंबर ठेवलेला, एक रिंग गेली की झाकण मिटायचं. मग माझी बायको शालन उलटी एक रिंग द्यायची. म्हणजे समजलं, चहा टाकते. फुकट काम होतंय तर पैसे कशाला घाला? निलेश शाळेत होता तेव्हा रिंग ऐकून किटली भरायचं काम त्याचं.

शालन मागच्या हिवाळ्यात गेली. तिचा नंबर निलेशनेच बंद केला. पण माझं बोट दोनवर जायचंच. नंबर चालू नाही हे सांगणारी बाई तोंड उघडायच्या आत मी झाकण मिटायचो.

एकदा भर दुपारी मेथी काढून निघालो. बटण दाबलं, झाकण मिटलं... आणि फोन वाजला. एकदाच. पडद्यावर ‘शालन’. उघडून बघतो तर आलेल्या कॉलमध्ये काही नाही.

मग हे वरचेवर व्हायला लागलं. माझा संशय सरळ निलेशवर. मी घर विकून त्याच्याकडे वॉटफर्डला यावं म्हणून मागे लागलेला. म्हाताऱ्याला भास होतात असं ठरलं की काम सोपं. फोन करून खडसावला, तर म्हणतो, “बाबा, तुम्हाला रिंग ऐकू येतो? मग तुम्ही अलोन नाही राहू शकत. संडेला येतो, घराचं डिसाइड करू.”

म्हटलं ये. आल्या आल्या सांगितलं, “तुझा मोबाईल बंद करून टेबलावर ठेव. हात दिसतील असे ठेव.”

“बाबा, मी काय चोर आहे?”

“ते आता कळेल.”

दोनचं बटण दाबलं. त्यालाही ऐकवलं, नंबर बंद असल्याचं ती बाई सांगत होती. झाकण मिटलं. थोडा वेळ काही नाही. निलेश मान हलवून म्हणाला, “सी? आता वॉटफर्डचं—”

वाजला. एकदाच.

निलेश उठला, किटली घेतली, नळाखाली धरली.

“ऐकलंस ना?”

“काय?”

“मग किटली कशाला भरतोयस?”

त्याने हातातल्या किटलीकडे बघितलं. नळ तसाच वाहत होता. “तुमचा बॅटरी जुना झाला असेल,” म्हणाला. मग नळ बंद केला.

चहा आम्ही प्यायलो. वॉटफर्डचा विषय निघाला नाही, अजून निघालेला नाही. जाताना दारात म्हणाला, “बाबा, तो नंबर फोनमधून काढू नका हां.”

दुकानात दाखवला, फोनमध्ये दोष नाही म्हणतात. निलेशवरचा संशय गेला. आता कोणावर घ्यावा, ते मला कळत नाही.