कोळी चावलेली बाई

अगं, सरक इकडं. लय दिवसांनी आलीस आन् आल्यापासून मोबाईलच बघायलीस. ऐक जरा.

पोखर्णीहून परभणीला येताना एस.टी.त एक अनोळखी बाई माझ्या शेजारी बसली. तुरीची पेंढी उचलताना तिच्या मनगटाला कोळी चावला होता. हात सुजून टम्म, अंगाला दरदरून घाम, पोटात कळा. तरी एका हातानं पदर सारखा करायलीच! चावला हाताला, मग पोट का दुखावं, मला काही उमजेना. हिरव्या बांगड्या मांसात रुतल्या होत्या, बोटं काळीनिळी पडली होती.

मी म्हणलं, "बाई, फोडू या ह्या."

तिनं दुसऱ्या हातानं बांगड्या झाकल्या. "न्हाई मावशी. मालक जिते हायेत. त्यांना काही झालं म्हंजे?"

"आन् तुला काही झालं म्हंजे?"

"मला झालंच हाय की," म्हणून ती चक्क हसली.

कंडक्टर ओरडला, "मावशी, समजावा की! हात जाईल बाईचा."

शेवटी तीच म्हणाली, "आधी मालकाच्या नावानं कुंकू लावा." मी पोखर्णीला देवदर्शनाला गेले होते, तिथल्या देवळातून आणलेलं कुंकू तिच्या कपाळाला लावलं. मग तिनं डोळे मिटून हात पुढं केला आन् मी बांगड्या फोडल्या.

दवाखान्याच्या दारात तिला उतरवलं, आत नेलं. गडबडीत नाव विचारायचं राहिलंच. ती वाचली का, हात राहिला का, कोण जाणे. मी तिला वाचवायला बघत होते आन् ती मालकाला. खरं कुणाचं, मला अजून उलगडत न्हाई. पोखर्णीला गेले की ती कुठं दिसतीय का म्हणून बायांची मनगटंच बघत बसते. एकटीची नजर पुरत न्हाई गं. परत लवकर ये, दोघी मिळून जाऊ.