पाच नंबरच्या पोर्टवरची डिस्क

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याने भुताखेतांवर विश्वास ठेवू नये, धंदा बसतो. मला ते कधी जड गेलं नाही. आमच्या वडिलांनी मराठवाड्यातून इकडे उपनगरात येताना देव आणि भुतं दोन्ही गावी ठेवली होती. बेव्हर्ली पार्कात माझा छोटा गाळा आहे. मशीन आपोआप चालू होतं, माउस एकटाच हलतो, असल्या तक्रारी घेऊन येणाऱ्यांना मी तोंडावर हसत आलोय. पालीच्या कोळीवाड्यातल्या त्या घरातही मी तसाच हसलो होतो, म्हणून हे लिहितोय.

त्या घरचा कर्ता आधी माझं गिऱ्हाईक होता, पुढे मित्र झाला. कोळ्याच्या घरातला, पण होडीवर कधी रमला नाही. उत्तन, पाली, चौक, जिथे हळद असेल तिथे हा कॅमेरा घेऊन उभा. त्याचं एडिटिंगचं मशीन मीच जोडून दिलं होतं. कावीळ झाली, अंगावर काढली, आणि गेला. वर्षभराने त्याच्या मुलीने कॅमेरा उचलला. आता लोकांना लग्नसुद्धा सिनेमासारखं लागतं, त्याला जुनं मशीन पुरेना. तिने नवीन ग्राफिक्स कार्ड घेतलं, साठवायला बोटाएवढी नवी एसएसडी घेतली, आणि मला फोन केला.

त्या मशीनमध्ये एक जुनी हार्डडिस्क होती. धंद्याची नव्हे, घरची. मुलीचे वाढदिवस, गौरी, होडीची पूजा, असलं सगळं. आयुष्यभर कॅमेऱ्यामागे उभा राहिल्यामुळे तो स्वतः कुठेच दिसत नव्हता, पण आवाज प्रत्येक व्हिडिओत होता. त्याच्या आवाजातले जुने मेसेज फोनबरोबर गेले होते. बाबांचा आवाज आता फक्त ह्या डिस्कवर आहे, काका जपून, असं पोरीने मला जिन्यातच सांगितलं. मी म्हणालो, आधी नवी एसएसडी बसवतो, मग पहिली कॉपी हिचीच काढू.

पेचकस उचलायच्या आधी कॉपी काढावी, हे मी गाळ्यावर येणाऱ्या प्रत्येकाला खडसावून सांगतो. त्या दिवशी दुसरी डिस्क सोबत न्यायचं विसरलो होतो आणि परत जायचा कंटाळा आला. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

दुपार होती. होड्या बाहेर गेलेल्या, गल्लीत चिटपाखरू नाही. घरात आम्ही तिघंच, मी, मुलगी आणि तिची आई, म्हणजे आमची वहिनी. कार्ड केवढं तरी लांब, बसवलं तर मदरबोर्डवरचे वरचे चार पोर्ट, म्हणजे डिस्कची वायर लावायची तोंडं, त्याच्याखाली झाकले गेले. जुन्या डिस्कची वायर दोन नंबरच्या पोर्टवर होती. ती काढून खाली मोकळ्या दिसणाऱ्या पाच नंबरच्या पोर्टला लावली. नवी एसएसडी दुसऱ्या खाचेत सरकवली, कारण पहिल्या खाचेत विंडोजची होती. मशीन सुरू केलं. कार्ड दिसलं. नवी एसएसडी दिसली. जुनी डिस्क दिसेना.

वायर बदलली. सहा नंबरला लावून पाहिली. तिथेही नाही. नसलेल्या वस्तूची जशी नोंद नसते, तशी तिची कुठे नोंदच नव्हती. आणि ती फिरत तर होती. उघड्या कॅबिनेटमधून तिची बारीक घरघर येत होती. वहिनी पुढे आली, तिने डिस्कवर तळहात ठेवला आणि तसाच राहू दिला.

"दादा, ही ऊन लागते. आतून फिरते. ही जिती हाय."

मला राग आला. खरं सांगायचं तर मला भीती वाटली होती, आणि भीती वाटली की मला राग येतो. स्क्रीन म्हणत होती इथे कोणी नाही, आणि बाईच्या हाताखाली कोणीतरी होतं. मी मशीन बंद केलं. पंखे थांबले तरी डिस्कची घरघर मागे राहिली आणि हळूहळू उतरत गेली. उगाचच मागे वळून पाहावंसं वाटलं. मी वळलो नाही, हसलो, आणि जरा मोठ्यानेच म्हणालो, "वहिनी, फिरते म्हणजे जिवंत असते असं नाही. डेड आहे ही."

कार्ड काढून वरच्या पोर्टवर लावून बघायला पंधरा मिनिटं लागली असती. मी ते केलं नाही. नवं कार्ड आधीच घट्ट बसवलं होतं आणि मला उत्तर मिळालं होतं. मुलीने डेटा काढून देणाऱ्या रिकव्हरीवाल्यांचं विचारलं. तेही हात वर करतात, म्हणालो. डिस्क भंगारात देऊन टाकतो म्हटलं तेव्हा वहिनीने हात पुढे केला. स्क्रू काढून मी ती तिच्या हातात दिली. तिने पदरात घेतली आणि आत निघून गेली.

नंतर पाच महिने मी हे विसरून गेलो होतो. एक दिवस पेणकरपाड्याचा एक माणूस मशीन घेऊन आला. रडगाणं तेच, नवी एसएसडी टाकली आणि जुनी डिस्क गायब झाली. मी नेहमीप्रमाणे हसायला तोंड उघडलं आणि बोर्ड पाहिला. पालीला होता तसाच. एसएसडी दुसऱ्या खाचेत, डिस्क पाच नंबरवर. मी एसएसडी उपसून काढली आणि मशीन सुरू केलं. जुनी डिस्क आली. परत घातली, गेली. काढली, आली. गिऱ्हाईक मला विचारत होतं काय झालं, आणि मी खणातली पुस्तकं चाळत होतो.

बोर्डाचं पुस्तक मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट वाचलं. तक्त्याखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की दुसरी खाच भरली की पाच आणि सहा नंबरचे पोर्ट बंद होतात. बोर्डावर तोंडं पुष्कळ, पण आतून डेटा न्यायच्या वाटा मोजक्या. त्या वाटून घ्याव्या लागतात. काही बोर्डांवर एसएसडी टाकली की ग्राफिक्स कार्डाच्या सोळा वाटांपैकी आठच उरतात, काहींवर डिस्कचे पोर्ट जातात. आमच्या सोसायटीत खालच्याने नळ सोडला की वरच्याचा कोरडा पडतो, तसंच. वीज मात्र वेगळ्या वायरने येते, म्हणून डिस्क फिरत राहते, तापत राहते. फक्त तिचं बोलणं कोणापर्यंत पोचत नाही. वीस वर्षं ह्या धंद्यात आहे मी. अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

दुसऱ्या दिवशी सकाळी डिस्क बाहेरून जोडायचा डबा पिशवीत टाकून पालीला गेलो. वाटेत स्वतःशीच हसत होतो, की वहिनीला आवाज ऐकवीन तेव्हा ती काय करील. वहिनी दारातच बोंबील वाळत घालत होती. मी डिस्क मागितली.

ती म्हणाली, डिस्क नाही. त्यांच्या घरात भंगलेला देव किंवा बंद पडलेलं घड्याळ ठेवत नाहीत, आणि ते भंगारातही टाकत नाहीत. समुद्राला देतात. डिस्क तिने महिनाभर उशाशी ठेवली होती. मग अमावास्या गेल्यावर दिराच्या होडीतून पार आत, खोल पाण्यात नेली. लाल फडक्यात बांधली, हळदकुंकू वाहिलं, नारळ सोडला आणि सोडून दिली. तुम्हीच सांगितलं ना संपली म्हणून, असं ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागलं. मी वरातीमागून घोडं घेऊन आलो होतो.

गप्प बसून निघून येता आलं असतं. तो विचार माझ्या मनात आला, आणि चांगला दोन मिनिटं राहिला. मग मी सगळं सांगितलं, वाटा, पोर्ट, माझा कंटाळा, सगळं. ती ओट्यावर बसली. तिने रागवावं, शिव्या द्याव्यात, असं मला वाटत होतं. तिने एवढंच विचारलं, "मंग आपुन त्याला सोडतोय, ते त्याला समजत व्हतं का?"

डिस्कला काही समजत नसतं, मी म्हणालो. हे मी आयुष्यभर लोकांना सांगितलंय. त्या दिवशी ते माझं मलाच पटलं नाही.

मुलगी आत मशीनवर बसली होती. तिने सगळं ऐकलं असणार, कारण डोळे लाल होते, पण तिने मला आत बोलावलं. "काका, या ना, एक दाखवायचंय." तिने बाबांचा जुना प्रोजेक्ट उघडला. तिच्या पाचव्या वाढदिवसाचा. चित्राच्या जागी लाल चौकट आणि फाइल सापडत नसल्याची सूचना. पण त्याखाली आवाजाची लाट उमटलेली होती, उंच, बुटकी, मध्ये सपाट. एडिटिंगचं सॉफ्टवेअर आवाजाचं ते चित्र एकदाच काढतं आणि विंडोजच्या डिस्कवर ठेवून देतं. ती डिस्क जागच्या जागी होती. आवाज समुद्रात गेला होता, आणि त्याचा आकार इथे राहिला होता.

मुलीने बटण दाबलं. उभी रेघ लाटेवरून सरकू लागली. खोलीत काहीच ऐकू येत नव्हतं. तेवढ्यात वहिनी हात पुसत येऊन मागे उभी राहिली आणि रेघ पहिल्या उंचवट्यावर आली तशी बोलायला लागली. आवाज खाली आणून, पुरुषी करून.

"हिकडं बघ. माझे बाय, हिकडं बघ. केक मागनं खा."

शब्द नेमके लाटेवर पडत होते. ती थांबायची तिथे लाट सपाट व्हायची. तो हसायचा तिथे ती हसली, त्याच्यासारखी, नाकातून. त्या दोघी हे रोज संध्याकाळी करतात, असं मुलीने हळूच सांगितलं. मी त्याला इतकी वर्षं ओळखत होतो, आणि तो माझ्या पाठीमागे उभा होता.

मग एक लहानशी लाट आली, चारपाच शब्दांची. वहिनी बोलली नाही. रेघ तिच्यावरून पुढे निघून गेली.

"हितलं येत न्हाय," ती स्वतःच्या आवाजात म्हणाली. "गेल्या आठवड्यापतुर येत व्हतं."

मुलीने रेघ मागे नेली आणि पुन्हा बटण दाबलं.