आफ्रिकेला जारचं पाणी

कारखान्यांच्या सणसवाडीत आमच्या भाड्याच्या रूमच्या रांगेत कुणालाच नाव नाही. घरमालक आबा भाडेकरूला त्याच्या गावाकडच्या जिल्ह्यानं हाक मारतात. मी 'परभणी'. शेजारचा वेल्डर 'छपरा'. पलीकडं एक 'नांदेड' होता, तो सोडून गेला आणि त्या रूममध्ये लातूरचा आला, तरी आबांच्या लेखी तो नांदेडच. नववी अर्ध्यात सोडून आलेल्या माणसाला अख्खा जिल्हा नावावर मिळाला, म्हणून मी कधी तक्रार केली नाही.

तशी आबांबद्दल मी कसलीच तक्रार करत नाही. आलो त्याच वर्षी मला टायफॉईड झाला. ठेकेदारानं फोन उचलायचं बंद केलं, आणि आबांनी मला आपल्या गाडीत घालून शिरूरच्या दवाखान्यात नेलं. काकूंनी पेज करून घातली. तेव्हापासून आबा म्हणाले, आज रविवार, तर मी बुधवारीसुद्धा इस्त्रीचा शर्ट घालून बसेन. माणूस उपकाराखाली आला की त्याला मान हलवायला एकच दिशा उरते.

मी काम करतो त्या कंपनीच्या रिसेप्शनमधली माशांची टाकी भंगारात निघाली, ती मी मागून आणली. माझ्या रूममध्ये विजेचा पॉइंट एकच, आणि त्याच्यावर सगळ्या रांगेचे मोबाईल लटकलेले. आबा म्हणाले, "आमच्या हॉलमदी ठेव. तेवढीच शोभा." गळक्या कडेला सिलिकॉन लावून टाकी टीव्हीशेजारी बसली आणि त्या क्षणापासून आबांची झाली.

मासे दौंडहून आणले. रेल्वेतून रिटायर झालेले एक मामा तिथं गच्चीवर आफ्रिकेचे मासे वाढवतात. त्यांनी पिवळ्या माशांचा एक नर आणि तीन माद्या पिशवीत बांधून दिल्या आणि बजावलं, "ह्यांच्या मूळ तळ्याचं पाणी जड. क्षाराचं. हलक्या पाण्यात जीव धरत न्हाईत. मी हितं पाण्यात शिंपल्यांचा चुरा टाकतो. तू कुठला?"

"सणसवाडी."

"मग तुला काय टाकायची गरज न्हाई," मामा हसले.

केडगाव-चौफुल्यावरून येताना एसटीत ती पिशवी मांडीवर घेऊन बसलो होतो. शेजारच्या बाईनं बराच वेळ बघून विचारलं, "कशे किलो दिले?"

मामा का हसले, ते आमच्या बोअरचं पाणी बघितलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. पातळ केलेला चुनाच तो. बादल्या पांढऱ्या, नळ पांढरे, आणि डोक्यावर जे काळं उरलंय ते मोजक्या दिवसांचं. प्यायला आम्ही जार विकत आणायचो. रांग आबांच्या इतकी मागं लागली, की शेवटी त्यांनी शब्द दिला होता: दसऱ्याला फिल्टरचं मशीन बसवतो. छपरा तर दसऱ्याची वाट बघत तेल लावायचा थांबला होता.

टाकीत मी दगड रचून कपारी केल्या. आबांनी चष्मा लावून पाहिलं. "ह्यो किल्ला हाय व्हय? बुरूज कुठाय?" बुरूज केला. नर लगेच त्याच्यावर किल्लेदार होऊन बसला आणि माद्यांना हुसकायला लागला. आबांना तो फार आवडला.

काही आठवड्यांनी एक मादी खायची बंद झाली. जबडा फुगलेला, कोपऱ्यात एकटी. मला कळलं. ह्या माशांची आई अंडी तोंडात धरते, पिल्लं पोहायला लागेपर्यंत तीन आठवडे काही खात नाही. मामांनी सांगितलं होतं, "तवर पाणी बदलू नको, तिला भ्यायला लावू नको. भ्याली की गिळून टाकती." कामावर लाइनला उभा असलो तरी माझं डोकं त्या जबड्यात. घरापासून इतक्या लांब येऊन माझ्या हातून काहीतरी जन्माला येणार होतं.

काकू म्हणाल्या, "उपास धरलाय व्हय गं? माझ्या नवरात्रापेक्षा कडक. मी साबुदाणा तरी खाती."

आबा म्हणाले, "उपास न्हाई, आजारी हाय. आन् रविवारी व्याही यायचेत."

रविवारी मी शिफ्ट संपवून आलो तर हॉलमध्ये दोन थंड जार उभे. टाकीतलं निम्मं पाणी टपात काढलेलं. मादी बुरुजामागं चिकटून बसलेली, जबडा अजून फुगलेला. छपरा खांद्यावर जार घेऊन आबांच्या हुकमाची वाट बघतोय.

आबा खुशीत होते. "ये परभणी! आपल्या बोअरचं पाणी पाहुण्यापुढं बरं दिसतं का? म्हणलं, आफ्रिकेला जारचं द्यावं. पाहुणीच हाय ती."

आबा हे मनापासून म्हणत होते. पाहुण्याला बोअरचं पाणी देणं म्हणजे इथं अपमान. आणि मला त्यांना 'नको' म्हणता येईना. तो शब्द मी तोंडातच धरला. मादीसारखंच. छपरानं जार कलता केला.

"आबा, तिला तुमच्याच बोअरचं पाणी लागतंय!" मी ओरडलो.

"काय म्हनला?"

"जारचं हलकं पाणी सोसत नाही तिला. दौंडला मामा शिंपले कुटून टाकतात तेव्हा कुठं तसं पाणी होतं. तुमच्याकडं जमिनीतूनच येतंय. असा बोअर मिळत नाही, आबा."

आबा जागेवरच दोन इंच वाढले. "ठेव रं छपरा तो जार खाली." टपातलं पाणी त्यांनी स्वतःच्या हातानं, तांब्यातांब्यानं, परत टाकीत घातलं. व्याही आले तेव्हा जारचं पाणी ते प्याले, आणि आबांनी त्यांना बोअरचं माहात्म्य ऐकवलं.

मादीनं अंडी गिळली नाहीत. एका सकाळी तिनं तोंड उघडलं आणि तांदळाएवढी पिल्लं दगडांवर पसरली. माझे डोळे भरून आले. आबांनी सगळी रांग हॉलमध्ये बोलावली.

"बघा. आफ्रिकेचा मासा ह्या पाण्यावर लेकुरवाळा झाला. आन् तुम्ही म्हणता केस गळत्यात. ह्यातलं एक तरी टकलं हाय का?"

छपरा म्हणाला, "आबा, मछली के बाल होते कहाँ हैं?"

"मग गळाले न्हाईत ना? मशिनीचं रद्द."

रांगेनं एकदम माझ्याकडं पाहिलं. त्याच दिवशी ठरलं: सगळ्यांचे जार नाक्यावरून रोज परभणी आणणार. मी मान हलवली. तीच एक दिशा.

आता दसरा होऊन गेलाय. सकाळी खांद्यावर जार घेऊन जातो तेव्हा आबा ओट्यावरून कुणालातरी टाकी दाखवत असतात. परवा एकानं विचारलं, "ही पिल्लं पण आफ्रिकेची का?"

"ह्याट," आबा म्हणाले, "ही हितलीच. सणसवाडीची. आपल्या बोअरवर जन्मलीत." मग मला बघून हाक मारली, "ए परभणी, सांभाळून, पाणी सांडतंय."