दोरा संपेपर्यंत

साठी उलटली तरी तिला सारे धाकटीच म्हणत. थोरली ताई असेपर्यंत तिला बढती मिळण्याची सोय नव्हती. दोघी वाढल्या वडिलांच्या शिवणाच्या दुकानात, मागच्या खोलीत. काज, बटण, तुरपाई ही हातकामे धाकटीकडे. आणि सुईशी उभे वैर असल्यामुळे ताईकडे वाचन. वाचनालयातून रहस्यकथा येई, कापडाच्या गठ्ठ्यावर मांडी ठोकून ताई ती मोठ्याने वाची, आणि बाबांचे मशीनही कान टवकारल्यासारखे हळू चाले.

या वाचनाला एक नियम होता. धाकटीच्या सुईतला दोरा संपला की ताई थांबे. मारेकऱ्याचा हात कडीवर असो की कुणाच्या गळ्यावर, नवा दोरा ओवला जाईपर्यंत तो तिथेच तिष्ठत राही. बाबा कावून म्हणत, "अगं, तोवर त्या बाईचा जीव जाईल." ताई पानावरची नजर न हलवता उत्तर देई, "जाऊ दे. काज चुकलं तर आपला जाईल." धाकटीने ओवण्याचा वेळ वाचवायला लांबलचक दोरा घेतला, की बाबा तो कात्रीने निम्मा करत. लांब दोरा आळशाचा, त्यात गुंता फार, असे त्यांचे मत.

गेल्या वर्षी ताईच्या घशाचे ऑपरेशन झाले. आवाज पूर्वीचा राहणार नाही, पण बोलता येईल, सवय ठेवा, असे डॉक्टरांनी बजावले होते. ताईने सवय ठेवली ती गप्प राहण्याची. उभे आयुष्य मिरवलेला आवाज गेला, आणि उरलेली खरखर तिला कुणापुढे काढवेना. सख्ख्या बहिणीपुढेही नाही. होकार मानेने, नकार हाताने. धाकटीला ती खरखरही चालली असती. पण मागायची कशी?

मग भाचीने फोनवर एक रहस्यकथा घालून दिली. मोठ्या हीरोने वाचली आहे मावशी, आईला ऐकव, असे वर कौतुकाने सांगितले. मुखपृष्ठावर हीरोचा चेहरा ताटाएवढा आणि लेखकाचे नाव मुंगीएवढे होते. शहाण्याने तिथेच ओळखावे. पण धाकटीला आशा होती, की कथा रंगली तर ताईला बोलल्यावाचून राहवणार नाही. काजाचे शर्ट घेऊन ती बसली, ताई समोर.

नटवर्य सुरू झाले. नोकराने दार उघडले, या साध्या वाक्यात त्यांनी एवढा उसासा ओतला की नोकराला दमा असावा. म्हातारी, फौजदार, माळी, सारे एकाच घोगऱ्या घशाने बोलत. वकील आला की मात्र आवाजात साखर पडे, त्यामुळे खुनी कोण हे पहिल्याच प्रकरणात चव्हाट्यावर आले. ध्वनिमुद्रणाआधी पुस्तक एकदा चाळावे, एवढी तसदीही या गृहस्थांनी घेतलेली दिसत नव्हती. हल्ली चेहरा गाजला की गळ्याची चौकशी कोण करतो?

एवढ्यात धाकटीचा दोरा संपला. नट थांबला नाही. ती सुईचे नेढे शोधत राहिली आणि तिकडे दिवाणखान्यात कुणीतरी धाडकन कोसळले.

"कोण मेलं गं?" सवयीने तिच्या तोंडून गेले, आणि तिने जीभ चावली.

ताईने हात लांबवून फोनवर बोट दाबले. नट अर्ध्या उसाशात गप्प झाला.

पूर्वीसारखीच ताई थांबली होती. धाकटीचा दोरा दोनदा नेढ्याला चुकला, तिसऱ्यांदा शिरला. ती फोनकडे वळली, तर ताईने तो पालथा घालून बाजूला सारला आणि घसा खाकरला. आवाज आला तो कोरे कापड फाडल्यासारखा.

"माळी मेला. पण खुनी वकील नाही. मी होऊ देणार नाही."

धाकटीने मान वर केली नाही. वर पाहिले असते तर ताई पुन्हा मिटली असती. तिने फक्त रीळ आणखी हातभर उलगडले, बाबांनी निश्चित कापला असता इतका लांब दोरा घेतला.

"मग कोण?" तिने शर्टालाच विचारल्यासारखे विचारले.

"आधी गाठ मार," ताई म्हणाली.